वृद्धगृहांतील सांथ व ती कळविण्याचें कर्तव्य

वृद्ध, पंगु व परावलंबी माणसें जेथें शुल्क घेऊन किंवा धर्मादायावर सांभाळलीं जातात, अशा घरांत स्पर्शजन्य रोग शिरला असतां तो कोणीं, कोणास व किती वेळांत कळवावा, हा प्रश्न वरवर पाहतां निव्वळ कारकुनी दिसतो. एक कोष्टक भरून सरकारी खात्याकडे धाडावयाचें, यांत विचार करण्यासारखें तें काय, असें आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. परंतु २०२० सालच्या जागतिक सांथींत अमेरिका, कॅनडा व स्पेन या धनाढ्य देशांतील वृद्धगृहांची जी दशा झाली, ती पाहिली म्हणजे हें कोष्टक वेळेवर न भरल्याची किंमत कोणत्या नाण्यांत मोजावी लागते हें कळून येतें. आमच्याकडेही पुणें, नाशिक, ठाणें या बाजूस वृद्धाश्रम वाढत आहेत. मुलगा अमेरिकेंत किंवा बंगळुरास, मुलगी सासरीं, आणि आई वृद्धाश्रमांत, असें घर आतां अपवादाचें राहिलेलें नाहीं. तेव्हां पश्चिमेकडील अनुभव आपल्या उपयोगाचा आहे किंवा कसें, हें पाहण्यास हीच वेळ योग्य होय.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांतील वॉशिंग्टन संस्थानांत किर्कलँड नांवाचें एक गांव आहे. तेथील एका शुश्रूषागृहांत २०२० च्या फेब्रुवारींत वृद्धांना खोकला, ताप व धाप लागूं लागली. हिंवाळ्यांत अशा घरांतून फ्लू येतो-जातो, तसाच हा प्रकार असावा अशी समजूत होती. २९ फेब्रुवारीस कोव्हिड असल्याचें जाहीर झालें, तोंपर्यंत रोग घरभर पसरला होता. १८ मार्चपर्यंत त्या एका घराशीं संबंध असलेले १६७ रोगी मोजले गेले: १०१ रहिवासी, ५० नोकर व १६ भेटीस आलेले नातलग. रहिवाशांपैकीं ३४ मरण पावले होते. याच तारखेपर्यंत त्याच परगण्यांतील ३० घरांत रोगाचा प्रवेश झालेला आढळला. तो कसा झाला, याची कारणें आरोग्यखात्याच्या तपासनीसांनीं पुढें छापून प्रसिद्ध केलीं आहेत. रोग ओळखण्यास उशीर झाला. आजारी नोकर कामावर येत राहिले. आणि तेच नोकर एकाहून अधिक घरांतून काम करीत होते.

शेवटल्या दोन कारणांकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. जी बाई सकाळीं एका घरांत म्हाताऱ्यांना न्हाऊं घालते आणि रात्रीं दुसऱ्या घरांत त्यांच्या उशापायथ्याशीं बसते, ती हौसेनें तसें करीत नाहीं. एका घराच्या पगारांत तिचा संसार भागत नाहीं, आणि आजारीपणाची रजा घेतल्यास त्या दिवसाचें वेतन बुडतें. आमच्याकडील आया आणि मावश्या ब्यूरोमार्फत बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात, त्यांची स्थिति याहून निराळी नाहीं. तिला घसा दुखतो हें ती कोणास सांगेल? सांगितल्याबरोबर तिच्या जागीं दुसरी येणार हें तिला ठाऊक असतें. म्हणजे न कळविण्याची परंपरा व्यवस्थापकाच्या मेजापासून सुरू होत नसून मोरीपाशीं कपडे धुणाऱ्या बाईपासून सुरू होते. कायद्याचे मसुदे करणारे मात्र व्यवस्थापकाच्या खालीं सहसा पाहत नाहींत.

त्याच परगण्यांतील दुसऱ्या एका घराची हकीकत आणखी विचार करावयास लावणारी आहे. तेथें एकंदर ७६ रहिवाशांची तपासणी झाली व ४८ जणांना रोग असल्याचें निघालें; त्यांतील २७ जणांस तपासणीच्या दिवशीं कसलेंही लक्षण नव्हतें. बहुतेकांस तीं लक्षणें पुढें कांहीं दिवसांनीं उमटलीं. यावरून असें ठरतें कीं, ‘आजारी दिसला म्हणजे कळवूं’ हा नियम वृद्धांच्या बाबतींत पुरेसा नाहीं. म्हाताऱ्या शरीरांत ताप पुष्कळदां चढतच नाहीं. आजोबा आज जेवले नाहींत, आजी असंबद्ध बोलूं लागल्या, रात्रीं उठतांना तोल जाऊन पडल्या, एवढीच काय ती खूण असते, आणि ‘वय झालें’ या दोन शब्दांत तिची बोळवण होते. ज्या घरांत अशा बारीकसारीक गोष्टींची रोज टिपण ठेवण्याची पद्धत नाहीं, त्या घरास कळविण्याची इच्छा असूनही कळविण्याजोगें कांहीं हातीं लागत नाहीं.

आतां अमेरिकन सरकारनें काय केलें तें पाहूं. त्या देशांत सुमारें पंधरा हजार शुश्रूषागृहें आहेत व त्यांतील बहुतेकांचा खर्च सरकारी विम्याच्या पैशानें चालतो. असें असतां किती घरांत किती वृद्ध कोव्हिडनें आजारी आहेत याची एकत्र मोजदाद २०२० च्या मे महिन्यापर्यंत मध्यवर्ती सरकारपाशीं नव्हती. ८ मेपासून नवा नियम अंमलांत आला. प्रत्येक घरानें आठवड्यांतून निदान एकदां रोगी, मृत्यु, संशयित, नोकरांची कमतरता व संरक्षक साहित्याचा सांठा यांचे आंकडे सीडीसी या रोगनियंत्रण केंद्राकडे धाडावे. घरांत एकास जरी रोग ठरला, किंवा ७२ तासांत तीन अथवा अधिक माणसांस श्वासाचे विकार नव्यानें सुरू झाले, तर दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पांचच्या आंत सर्व रहिवाशांस व त्यांच्या नातलगांस तें कळवावें. न कळविल्यास पहिल्या खेपेस निदान १,००० डॉलर दंड व पुढें प्रत्येक खेपेस ५०० डॉलरांची वाढ.

या नियमांतील उत्तम भाग आमच्या मतें नातलगांस कळविण्याचा होय. सरकारास कळविलेली बातमी दफ्तरांत पडून राहूं शकते. मुलीस कळलेली बातमी पडून राहत नाहीं. ती दुसऱ्या दिवशीं फोन करते, विचारते, भांडते, आणि व्यवस्थापकास उत्तर द्यावें लागतें. सायंकाळचे पांच ही ठरीव वेळ घातली हेंही शहाणपणाचें झालें. ‘यथावकाश’ या शब्दाला जेवढीं भोंकें असतात तेवढीं घड्याळाला नसतात.

परंतु नियमाचा दुबळा भागही दडवून ठेवण्यासारखा नाहीं. जानेवारीपासून मेपर्यंतचे मागील आंकडे देणें न देणें हें घरांच्या खुषीवर सोडण्यांत आलें. परिणाम व्हावयाचा तोच झाला. पुढें २०२१ सालीं संशोधकांनीं कांहीं संस्थानांचे आंकडे ताडून जो अंदाज बांधला, त्याप्रमाणें त्या काळांतील सुमारें सोळा हजार मृत्यु मध्यवर्ती खतावणींत चढलेच नव्हते. शिवाय रोगप्रतिबंधाची हेळसांड ही कांहीं सांथीनें निर्माण केलेली गोष्ट नव्हे. अमेरिकेच्या सरकारी हिशेबतपासणी खात्यानें २०२० च्या मेमध्यें दाखवून दिलें कीं, २०१३ ते २०१७ या पांच वर्षांत शंभरांतील ८२ घरांत रोगप्रतिबंधाच्या बाबतींत निदान एकदां तरी दोष आढळला होता. दोष दिसत होते, लिहिले जात होते, आणि तेथेंच राहत होते.

न्यूयॉर्कची गोष्ट तर व्यापारी वाचकांस अधिक चटकन् समजेल. तेथील आरोग्यखातें वृद्धगृहांतील मृत्यूंचा आंकडा देई, पण वृद्धगृहांत आजारी पडून रुग्णालयांत नेल्यावर जो मेला, तो वृद्धगृहाच्या नांवावर मांडीत नसे. एखाद्या अडत्यानें नासूं लागलेला माल दिवे लागण्याच्या सुमारास शेजाऱ्याच्या वखारींत ढकलावा आणि आपल्या वहींत नुकसान कमी दाखवावें, त्यांतलाच हा प्रकार. २८ जानेवारी १८२१ चा नव्हे, २०२१ चा हा दाखला आहे, हें मुद्दाम सांगावें लागतें! त्या दिवशीं संस्थानच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनीं अहवाल प्रसिद्ध करून सरकारी आंकडा ५० टक्क्यांपर्यंत कमी असावा असें म्हटलें, आणि त्याच दिवशीं आरोग्यखात्यास रुग्णालयांतील मृत्यु मिळवून नवी बेरीज द्यावी लागली. ती १२,७४३ भरली. पूर्वीची साडेआठ हजारांच्या आसपास होती. मृत्यु कोठें झाला हें विचारल्यास एक उत्तर येतें, रोग कोठें जडला हें विचारल्यास दुसरें. कळविण्याचा कायदा करणाऱ्यानें प्रश्न कोणता विचारावयाचा हें आधीं ठरविलें पाहिजे.

इतर देशांचें वर्णन विस्तारानें करण्याचें कारण नाहीं. कॅनडांत पहिल्या लाटेंतील नोंदलेल्या मृत्यूंपैकीं शेंकडा ८१ वृद्धगृहांशीं निगडित होते. स्पेनमध्यें मार्च २०२० त मदतीस गेलेल्या सैनिकांना कांहीं घरांत वृद्ध माणसें निराधार सोडलेलीं व कांहीं तर बिछान्यांतच मृत झालेलीं आढळलीं, असें त्या देशाच्या संरक्षणमंत्र्यांनींच जाहीर केलें.

येथें एक आक्षेप येतो व तो विचारार्ह आहे. कळविण्याची सक्ति केली तर घरें अधिकच लपवितील, असें पुष्कळ अनुभवी माणसें म्हणतात. बातमी फुटली कीं नवीन माणूस दाखल होत नाहीं, असलेलीं माणसें नातलग उचलून नेतात, तपासनीस येऊन बसतात. याचें उत्तर देण्यास आम्हांस अमेरिकेस जावें लागत नाहीं. मुंबईंत १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. तो भाग धान्याच्या वखारींचा. रोग कबूल करणें म्हणजे व्यापार बंद पाडणें, ही भीति पेढीपेढींत होती, आणि ती अगदींच निराधार नव्हती, कारण पुढल्याच वर्षीं प्लेगासाठीं व्हेनिस येथें राष्ट्रांची परिषद भरून जलमार्गांवरील निर्बंधांचा खल झाला. १८९७ सालीं सांथीच्या रोगांचा कायदा आला. पुण्यांत गोऱ्या सोजिरांनीं घरोघर शिरून झडत्या घेतल्या, माणसें इस्पितळांत व छावण्यांत ओढून नेलीं. लोकांनीं काय केलें? आजारी माणसें माळ्यावर, कोठींत, शेजारच्या गांवीं लपविलीं. प्रेतें गुपचुप हलविलीं. शेवटीं रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली, आणि सरकारास कालांतरानें ती सक्ति सैल करावी लागली. रोग लपविणारे ते लोक दुष्ट नव्हते. ज्या बातमीच्या पाठोपाठ शिपायाचा बूट उंबऱ्याच्या आंत येतो ती बातमी सुज्ञ मनुष्यही देत नाहीं.

म्हणून कायदाच नको असें मात्र यावरून निघत नाहीं. इंग्लंडांत १८८९ सालीं संसर्गजन्य रोग कळविण्याचा कायदा झाला. प्रथम लंडनबाहेर तो ऐच्छिक होता, दहा वर्षांनीं सर्वत्र सक्तीचा झाला. त्यांत खाजगी रोग्याची वर्दी देणाऱ्या डॉक्टरास दर वर्दीमागें अडीच शिलिंग मिळत. वर्दी ही दंडाची पहिली पायरी नसून मोबदल्यास पात्र असें काम आहे, हें त्या अडीच शिलिंगांनीं सांगितलें. आपल्याकडेही क्षयाच्या बाबतींत हाच मार्ग थोड्या उशिरानें कां होईना सांपडला. २०१२ च्या मेमध्यें क्षय कळविणें सक्तीचें झालें; २०१८ त न कळविणाऱ्यास दंडविधानाचा धाक घातला गेला; पण त्याच वर्षीं रोग्यास पोषणासाठीं महिना ५०० रुपये देण्याची योजनाही निघाली व २०२४ त ती रक्कम १,००० झाली. धाक व साह्य हीं दोन्ही एकत्र असतील तरच नोंदवही भरते. आमचें तर असें मत आहे कीं, रोग निघाल्याबद्दल कोणत्याही वृद्धगृहास एक पैसा दंड होऊं नये. दंड व्हावा तो केवळ दडविल्याबद्दल, आणि तो भरपूर व्हावा. अमेरिकेच्या एक हजार डॉलरांत मोठ्या कंपनीच्या घराचें एका दिवसाचेंही जेवणखाण होत नाहीं.

कोव्हिडचा हा मोठा दाखला घेतला म्हणून लहान रोगांकडे दुर्लक्ष करूं नये. खरें लपविणें चालतें तें खरजेचें. खरूज म्हटली कीं घाणेरडेपणाचा शिक्का बसतो, म्हणून ‘उष्णता आहे’, ‘साबण सोसला नाहीं’ अशीं नांवें देऊन मलमें चोळलीं जातात. वस्तुतः ज्यास पूर्वीं कधीं खरूज झालेली नाहीं त्यास ती जडल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे लोटूं शकतात, आणि तेवढ्या अवधींत तो नकळत इतरांस देत असतो. एकट्यास औषध देऊन उपयोग नाहीं. त्याच्या निकट संपर्कांतील रहिवासी, त्यांना उचलणाऱ्या-न्हाऊं घालणाऱ्या मावश्या व घरचीं माणसें यांस एकाच वेळीं औषध लावावें लागतें, पांघरुणें गरम पाण्यांत धुवावीं लागतात. नोरोव्हायरसची वांती-जुलाबाची सांथ याच्या उलट स्वभावाची. ती बारा ते अठ्ठेचाळीस तासांत उमटते आणि दोन दिवसांत मजला व्यापते; तिच्यापुढें दारांत टांगलेली हात चोळण्याची स्पिरिटाची बाटली फारशी चालत नाहीं, साबण व पाणीच लागतें. फ्लूचें औषध लक्षणें दिसल्यापासून दोन दिवसांच्या आंत सुरू केलें तर अधिक गुणकारी. अर्थात् आठवड्यानें कळवूं म्हणणाऱ्या घरांत औषधाचा खरा काळ निघून गेलेला असतो. अमेरिकेंत २०२५ च्या जानेवारीपासून कोव्हिडबरोबर फ्लू व आरएसव्ही यांचेही आंकडे शुश्रूषागृहांनीं धाडावे असा नियम लागू झाला, तो या दृष्टीनें स्वागतार्ह होय. खरजेला मात्र त्या कोष्टकांत जागा नाहीं.

महाराष्ट्रांत या विषयाची आरंभींच एक गफलत होते, ती शब्दाची. येथें ‘नर्सिंग होम’ म्हणजे दहा-वीस खाटांचें खाजगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह. त्यांच्या नोंदणीचा कायदा १९४९ सालचा आहे व त्यानुसार त्यांवर देखरेख असते. ज्या घरांत मुख्यतः राहणें, जेवणें व सोबत मिळते तो वृद्धाश्रम त्या व्याख्येंत सहजीं बसत नाहीं. २००७ च्या मातापितरांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यांत जिल्ह्यागणिक निदान १५० निर्धन वृद्धांची सोय होईल असें एक घर काढण्याची गोष्ट आहे. पण घरांत सांथ आल्यास कोणास कळवावें याविषयीं तो कायदा मुका आहे. २०१९ सालीं लोकसभेंत दुरुस्तीचें विधेयक मांडलें गेलें, त्यांत अशा घरांच्या नोंदणीची तरतूद होती. ती लोकसभा २०२४ त विसर्जित होईपर्यंत तें मंजूर झालें नाहीं. दरम्यान २०२१ च्या नोव्हेंबरांत ठाणें जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यांतील एका वृद्धाश्रमांत साठांहून अधिक जणांस कोव्हिड झाल्याचें वर्तमान सर्व पत्रांतून आलें. चार दिवस हळहळ झाली. वृद्धाश्रमांसाठीं कळविण्याची कायमची शिस्त मात्र त्यांतून उभी राहिली नाहीं.

ही शिस्त घालण्यास नवें मोठें खातें नको. २००४ पासून देशांत रोगसर्वेक्षणाची व्यवस्था चालू आहे. उपकेंद्रापासून जिल्ह्यापर्यंत तिचे फॉर्म जातात. त्या साखळींत वृद्धाश्रमाची एक कडी जोडावी. प्रत्येक आश्रमाची पालिकेंत किंवा पंचायतींत नोंद असावी, जवळच्या आरोग्यकेंद्राचा एक ठरीव मनुष्य त्यास नेमून दिलेला असावा, आणि ७२ तासांत तिघांना सारखींच लक्षणें दिसलीं कीं त्या मनुष्यास फोन जावा. रोग्याचें नांव चव्हाट्यावर आणण्याची गरज नाहीं. संख्या, मजला व दिवस एवढें पुरे. फोनाच्या उत्तरीं नोटीस येऊं नये, तपासणीचें साहित्य, औषध व डॉक्टर यावा. लहान धर्मादाय आश्रमांस हा खर्च झेपणार नाहीं, तो पालिकेनें सोसावा. आणि आजारी मावशीची चार दिवसांची रजा भरपगारी असावी. या एका बाबीवर जो पैसा जाईल तो बाकीच्या सर्व उपायांहून अधिक कामीं येईल असा आमचा होरा आहे.

नातलगांनींही आपल्याकडे पाहावें. किर्कलँडच्या यादींत १६ भेटकरी होते हें वर आलेंच आहे. सर्दी-पडशानें फणफणलेल्या नातवास ‘आजीला बरें वाटेल’ म्हणून आश्रमांत नेणारे आपणच. आणि आईस क्षय किंवा खरूज निघाली असतां ‘कृपा करून कोठें बोलूं नका, मुलीचें लग्न ठरावयाचें आहे’ अशी व्यवस्थापकास गळ घालणारेही आपणच. मग तोच व्यवस्थापक दुसऱ्याच्या आईचा रोग आपल्यापासून लपवितो तेव्हां आपण संतापतों.

पुढील महिन्याचें शुल्क भरण्यास जे वाचक जातील त्यांनीं जेवणाची व गादीची चौकशी करतात तशीच एवढी चौकशी करावी: गेल्या सहा महिन्यांत कोणत्या मजल्यावर जुलाब, खोकला किंवा खाज यांची सांथ झाली, त्याची वही कोठें आहे, आणि रात्रपाळीची मावशी आजारी पडल्यास तिचा पगार कापतात काय. वही नसेल तर ती पुढल्या भेटीपर्यंत घालावयास सांगावी, आणि पुढल्या भेटींत ती पाहावयास मागावी.